लाईट आणि किमो, एकत्र का?

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी ‘लाईट’, म्हणजे किरणोपचार, घेणाऱ्याला डॉक्टर कधी कधी त्याच काळात किमोही देतात. घरचे घाबरतात. दुखणं फार वाढलं की काय? तसं असेलच असं नाही.

किरणं कॅन्सरच्या पेशीतला डीएनए तोडतात, पण ती चिवट पेशी तो पुन्हा सांधायला बघते. सिस्प्लॅटिन हे औषध नेमकं या डागडुजीत खोडा घालतं. म्हणजे इथे किमो किरणांची धार वाढवते. आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवडे लाईट. सोबत सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडं किंवा तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 300 रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. मोठ्या मात्रेने रोग जास्त आटोक्यात राहिला, त्रासही जास्त झाला.

किडनी किंवा कान कमजोर असेल, तर सिस्प्लॅटिन झेपत नाही. अशांना लाईटबरोबर डोसेटॅक्सेल हे किमोचं दुसरं औषध थोडंथोडं दिलं, तर दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 42 वरून 51 टक्क्यांवर गेलं. हा अभ्यासही टाटाचाच, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला.

त्रास मात्र खरा. तोंड सोलवटतं, थुंकी घट्ट होते, भाकरी सोडाच, पेजही घशाखाली उतरत नाही. मग काही दिवस नाकातून नळी घालतात. त्याला बिचकू नका. दात मात्र लाईट सुरू होण्याआधीच दाखवून घ्या. नंतर दात काढला, तर जबड्याची जखम कधी कधी भरता भरत नाही.