पोट बाळाचं आहे

(इंदुरी येथे उन्हाळी व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'बालसंगोपन'. त्यातलं एकच मला बोलायचंय. मूल जेवत नसेल तर त्याच्या तोंडात घास कोंबू नका. अठरा वर्षं घरात पाळणाघर चालवतेय, त्यातून एवढी एक गोष्ट मला पक्की कळली आहे.

  

आमच्याकडं मुलं सकाळी साडेआठला येतात. कुणाची आई तळेगावच्या एमआयडीसीत, कुणाचे बाबा चाकणला. बाराला जेवण. एक जण ताट ढकलतो, एक जण वरणात हात बुडवून भिंतीवर पंजा उमटवतो, आणि एखादी घास गालात धरून बसते. गिळत नाही, थुंकतही नाही. अर्धा-अर्धा तास. (हशा) हसताय, म्हणजे घरोघरी तेच आहे.

पहिल्या वर्षी मी दीड वर्षाच्या एका मुलीची हनुवटी धरून तिला भात भरवला. डबा तसाच परत गेला तर आई म्हणेल, बाईंचं लक्ष नाही, ही भीती. तिनं सगळं ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी नुसती वाटी उचलली, तर तिनं ओठ आवळून मान फिरवली. ती वाटीला भ्यायली होती. ते मी आजही विसरलेली नाही. आणि नुसती भीतीच नाही, रडत्या मुलाच्या तोंडातला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं तर देऊच नका.

काय म्हणालात, आजोबा? तुमच्या आईनं रट्टा देऊन जेवू घातलं, तरी तुम्ही ठणठणीत आहात? (हशा) आहातच. पण तुम्ही रानात हुंदडून भूक घेऊन घरी यायचात. आताच्या मुलाला दहाला बाटलीभर दूध आणि साडेअकराला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. बाराला भूक कुठून आणायची त्यानं? तुमच्या आईला मी नावं ठेवत नाही. त्या माउलीला शेतावर परत जायची घाई असणार.

मुलाला त्याच्या भुकेवर सोडलं तर काय होतं, हे अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाईंनी करून पाहिलं. त्यांनी पंधरा बाळांपुढं साधं, चांगलं अन्न वेगवेगळ्या भांड्यांत ठेवलं. सगळे मिळून चौतीस पदार्थ. दायांना सांगून ठेवलं, आग्रह करायचा नाही, बाळ बोट दाखवेल तेच द्यायचं. कुणी एका वेळी भलतंच खाल्लं, कुणी एखाद्या पदार्थाला शिवलंही नाही, पण मुलं छान वाढली. एकाला मुडदूस होता. त्याच्यापुढं माशाचं तेल ठेवलं, तर ते बाळ बरं होईपर्यंत स्वतःहून ते तेल प्यायलं. १९३९ साली बाईंनी हे सगळं छापलं, आणि त्यातली खरी मेख सांगितली : त्या भांड्यांत वाईट काही ठेवलेलंच नव्हतं. ताटात काय आणि किती वाजता, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, ते बाळानं.

आता पंगतीचं सांगते, मग संपवते. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावर आपण सगळे जातो. एका वर्षी मी पाळणाघरातली चार मुलं आयांसकट घेऊन गेले. त्यात अडीच वर्षांचा एक मुलगा होता. तो मोबाईल समोर असल्याशिवाय तोंड उघडत नसे. त्याची आई डब्याबरोबर मोबाईलही देऊन जायची. डोंगरावर पंगतीत बसला. मोबाईलला रेंज नाही. डाव्या बाजूला एक म्हातारबाबा, उजवीकडं दुसऱ्या गावची एक पोरगी. वाढपी पुढून बादली घेऊन चाललाय, सगळे खाली मान घालून जेवतायत, याच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. तो आधी म्हातारबाबांच्या हाताकडं बघत राहिला. मग भातात एक बोट खुपसलं. चाटलं. मग पूर्ण मूठ. वाढपी पुढं गेला तसा हा ओरडला, "मला!" त्याची आई पंगतीतच रडायला लागली.

त्या दिवसापासून आमच्याकडं पंगत असते. सतरंजी, छोट्या ताटल्या, मीही ताट घेऊन त्यांच्यातच बसते. भात आपला इंद्रायणीच. वडगावच्या संशोधन केंद्रानं १९८७ साली दिलेला हा चिकट भात बाळमुठीत गोळा होतो, सुटून सांडत नाही. दीड वर्षाचं मूल त्याचा घास स्वतः करू शकतं. नवी भाजी चिमूटभरच वाढते. नाही खाल्ली तर काही बोलत नाही, दोन दिवसांनी पुन्हा वाढते. दहा-दहा वेळा वाढावी लागते. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटं उचलायची. मग चारपर्यंत काही नाही, फक्त पाणी.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मागं बसलेल्या ताईंनी विचारलंय, उपाशी राहिलं तर? एका जेवणानं बाळ वाळत नाही. पण वजन घटत असेल, ताप असेल, गिळताना सारखा ठसका लागत असेल, तर माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांकडं जा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ते चुकवू नका.

सासूबाईंनो, तुम्हाला हात जोडून एकच विनंती. नातू दोन घासांत उठला तर सुनेला बोल लावू नका. त्या बोलाच्या धाकानंच ती पोराच्या मागं वाटी घेऊन अंगणभर पळते.

आणि कुणाला खरं वाटत नसेल, तर सोमवारी बाराला माझ्याकडं या. मोबाईल दाराशी ठेवा, पोरांच्या पंगतीत बसा आणि जेवून जा.