दोनशे रुपयांचं म्हातारपण

(वस्तीतल्या सभेत केलेलं भाषण)



सरकार म्हणतंय, म्हाताऱ्यांसाठी आम्ही लई केलं. केलं असेल. आपण हमाल माणसं. गोणी मोजल्याबिगर सही करत नाही. तेव्हा मोजू या.

घटनेचं कलम ४१ सांगतं की म्हातारपणी माणसाला सरकारी मदतीचा हक्क मिळेल अशी तजवीज राज्याने करावी, आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे. या कुवतीचा हिशोब ऐका. १९९५ साली केंद्राने निराधार म्हाताऱ्याला महिना ७५ रुपये दिले. २००६ साली त्याचे २०० केले. २०२५ मध्येही साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा वाटा २०० च. ऐंशीपर्यंत तग धरला तर ५००. संसदेची ग्रामविकास समिती वाढवा, वाढवा सांगून थकली. पण त्याच २०२५ च्या मार्चमध्ये माजी खासदाराचं पेन्शन २५,००० वरून ३१,००० झालं. तिथं कुवत निघाली!

महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत राज्य भर घालतं. २०२३ साली १,००० चे १,५०० झाले, हे खरं. पण अट घातली ती घराचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असण्याची. म्हंजे दिवसाला सत्तावन्न रुपये, साऱ्या घराचे! एवढ्यात घर जगतं असा दाखला आणायचा. मग अंगठा. जन्मभर ओझी वाहिलेल्या बोटाला रेषा उरत नाहीत. मशीन म्हणतं, हा माणूस तो नव्हेच.

आता २००७ चा कायदा. न सांभाळणाऱ्या पोराला न्यायाधिकरणापुढं खेचा, महिना १०,००० पर्यंत निर्वाहखर्च घ्या. फ्लॅट नावावर करून बापाला हाकलणाऱ्याला हा कायदा बरोबर हाय. पण माझ्या बापाने कुणाला खेचायचं? मला? मी कंत्राटदाराच्या हजेरीवर. जहाज लागलं तर मजुरी, नाहीतर उपास. बापाच्या पाठीवर ज्यांनी नफा कमावला त्या मालकांचं नाव त्या कायद्यात कुठंच नाही. म्हातारपणाचं बापलेकाचं भांडण करून सरकार बाजूला झालं.

त्याच कायद्याचं कलम १९ जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम म्हणतं, दीडशे निराधारांसाठी. पण राज्य तो ‘काढील’ असं नाही, ‘काढू शकेल’ असं. मी कविता लिहितो, क्रियापदाची किंमत मला कळते. पोराला ‘द्यावंच लागेल’, सरकारला ‘वाटलं तर’.

बलुत्याच्या भाकरीसाठी आपली म्हातारी दारोदार फिरायची. बाबासाहेबांनी ती लाचारी फेकायला लावली. आज तीच अर्जाच्या नावाने परत येतेय.

म्हणून दया नको, हिशोब पाहिजे. उत्पन्नाची अट काढा. पेन्शन महागाईला बांधा. कंत्राटी कामगाराच्या दर हजेरीमागे मालकाकडून म्हातारपणाचा पैसा वसूल करा.

कचेरीवर म्हाताऱ्यांना पुढं घालून जायचं नाही. तरुणांनी पुढं चालायचं. त्या रांगेत त्यांच्यामागं नंबर आपलाच हाय.

जयभीम.