उंबऱ्याच्या आत
(नाशिकरोड इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



बालकामगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सीबीएसजवळच्या हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या येतो. त्याच्यासाठी धाडी पडतात, पेपरात फोटो येतात. पडाव्यात. हॉटेल, धाबे, घरकाम यांवर पोरं ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. मी आज बोलणार आहे ते कुठल्याच धाडीत न सापडणाऱ्या पोरीबद्दल. ती सिन्नरला, आपल्याच घरात, आईच्या मांडीला मांडी लावून बसलीय. विड्यांचं काम करतेय.

शहरातल्या पोरांना विडी कशी होते ते ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून घरी येतो. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं. वळायचं आईनं. विडीची तोंडं दुमडायची, दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे, हे पोरांचं. मजुरी हजारावर. कारखान्यात तपासणारा बसतो. त्याच्या मनाला नाही आलं की छाट. छाटलेल्या विडीची मजुरी नाही. म्हणजे हजाराचे पैसे हातात पडायचे तर हजारावर आणखी वळाव्या लागतात. बाईचे दोन हात पुरत नाहीत. मग पोरीचे दोन. मीही तोंडं दुमडलीत. शाळेत बाई विचारायच्या, बोटं पिवळी कशानं रे? मी म्हणायचो, हळद.

आता कायदा बघा. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात विडीचं काम सरळ लिहिलेलं होतं, चौदाच्या आतलं पोर चालणार नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम ३ ला शेपूट होतं, की माणूस आपल्या कुटुंबाला हाताशी धरून काम करत असेल तर त्या जागेला ही बंदी नाही. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यातही राहत्या घराला अशीच सूट होती. कारखानदाराला आणखी काय पाहिजे? त्यानं कारखाना आमच्या घरात आणून टाकला. घरखातं म्हणतात त्याला. घर आमचं, दिवा आमचा, पोर आमचं, विडी त्याची. घटनेचं कलम २४ काढून वाचा. कारखाना, खाण, धोक्याचं काम, एवढे शब्द आहेत. घर नाही.

२०१६ ला दुरुस्ती झाली. चौदाच्या आत सगळ्याच कामाला बंदी. टाळ्या! पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत 'घरच्या धंद्यात' मदत केली तर चालेल. धोकादायक कामं वगळून, असंही लिहिलंय. उंबऱ्याच्या आत येऊन बघणार कोण? आणि घरचा धंदा हा शब्द ऐकून तुमच्या अंगावर काटा येत नाही? वकिलाच्या घरचा धंदा वेगळा, गटारात उतरणाऱ्याच्या घरचा वेगळा. बापाचा झाडू पोराच्या हातात द्यायला आता सरकारी परवानगी आहे, फक्त शाळा सुटल्यावर. वतन दुसरं काय होतं? तिथंही एक माणूस राबत नव्हता, अख्खं घर राबत होतं. ह्याच सिन्नरला १९४१ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी महार वतनावरच्या कराविरुद्ध परिषद घेतली होती. वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. घरखातं राहिलं.

आपल्यातलेच चार बुकं शिकलेले म्हणतात, चूक आईबापांची, प्रबोधन करा. २०२२ साली आपल्याच इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं तेव्हाच्या नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला ठेवलेली निघाली. दहा वर्षांची एक मुलगी मेली तेव्हा हे उजेडात आलं. बदल्यात आईबापांना काय मिळालं होतं? थोडे हजार रुपये आणि एक मेंढी. श्रमजीवी संघटनेनं आवाज उठवला, वेठबिगारीचे गुन्हे दाखल झाले. आता त्या आईला जाऊन सांगा, बाई, शिक्षणाचं महत्त्व असं असं आहे. तोंड आहे का आपल्याला?

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. १९८८ पासून राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प होता. सोडवलेल्या पोरांसाठी वेगळ्या शाळा, विद्यावेतन शेवटी-शेवटी महिना ४०० रुपये. २०२१ ला तो समग्र शिक्षात मिसळून टाकला. माझ्या मते खरी गोष्ट सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९६ च्या निकालात सांगितली होती. धोक्याच्या कामावर पोर सापडलं तर मालकानं पोरामागं २०,००० रुपये भरायचे, आणि सरकारनं त्या घरातल्या मोठ्या माणसाला काम मिळवून द्यायचं. ते जमलं नाही तर सरकारनं पोरामागं ५,००० टाकायचे. मोठ्याला मजुरी मिळाली की पोर सुटतं, हे कोर्टाला कळलं होतं. पण घरखात्यात मालकच सापडत नाही. दंड कुणाला करणार, आईला?

म्हणून आपली मागणी आईच्या मजुरीची आहे. हजाराचा दर इतका पाहिजे की दोनच हातांत घर चालेल. छाट बाईसमोर मोजा, वहीत लिहा. घरखात्यावरच्या प्रत्येक बाईला विडी कामगाराचं ओळखपत्र मिळालं पाहिजे. ते असलं तर तिच्या पोरांना केंद्राच्या श्रमखात्याची शिष्यवृत्ती मागता येते. नसलं तर ती बाई कामगारच नाही, घरात बसलेली बाई आहे! आणि विहारात संध्याकाळी दिवा लावून अभ्यासाला बसवायचं काम आपलं. पथनाट्यं पुष्कळ झाली. पोर शाळेत का आलं नाही हे त्याच दिवशी घरी जाऊन विचारणारं कुणी तरी वस्तीत पाहिजे. कुणाच्या घरी पोर डांबलेलं असलं तर १०९८ ला फोन करा, वाट बघू नका.

येत्या रविवारी सकाळी आठची सिन्नरची एसटी धरायची आहे. येताना वही आणा आणि तीन रकाने आखून ठेवा. हजाराचा दर, छाट किती, आणि घरातलं पोर कितवीत.