चौकशी करणाऱ्याचा निःपक्षपातीपणा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, अशी आपल्या मंडळाची परंपरा आहे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. राज्यशास्त्राचा अधिकार मजकडे नाही. तथापि आज आपल्या समाजातील कितीतरी मुले व मुली सरकारी नोकरीत आहेत. कोणी तहसील कचेरीत, कोणी लेखापरीक्षण खात्यात, तर कोणी पोलिस खात्यात आहेत. आपल्याच वरिष्ठांच्या कारभाराची चौकशी करण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी एखाद्यावर केव्हा ना केव्हा येणारच. अशा वेळी निःपक्षपाती राहणे म्हणजे नेमके काय करणे, ह्याविषयी चार शब्द बोलावेत असे मनात आले. ह्या बाबतीत माझ्या हातूनही एकदा चूक घडलेली आहे. ती शेवटी सांगेन.

चौकशी आणि निःपक्षपात हे शब्द एकत्र उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, राघोबादादांना दोषी ठरविले, तसे त्यांच्या तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. इतके आपण मुलांना शिकवितो व तेथेच थांबतो. परंतु पुढचा भागही ध्यानात घेण्याजोगा आहे. राघोबांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारभारात शास्त्रीबोवा पुन्हा पुण्यास आले. मग त्यांनी विरोधी पक्षाची चाकरी पत्करली, असे का म्हणू नये? त्याचे कारण असे की, ते परत आले ते न्यायाधीशाच्याच आसनावर. जे आसन सोडून गेले होते, तेच त्यांनी पुन्हा स्वीकारले. कोणाचा मुतालिक किंवा सल्लागार होऊन ते आले नाहीत. हा भेद मनात ठेवूनच आता मी आपणांस थोडे दूर, इंग्लंडात नेतो. तेथे अलीकडे घडलेल्या एका प्रकरणात हाच प्रश्न अतिशय स्पष्टपणे उभा राहिला.

इंग्लंडातील सनदी सेवा राजकारणापासून अलिप्त असावी, गुणवत्तेवर भरती व्हावी, हा विचार 1854 च्या नॉर्थकोट–ट्रेव्हेलियन अहवालाने मांडला. पुढे दीडशे वर्षांनंतर, 2010 च्या कायद्याने त्या सेवेच्या आचारसंहितेस कायद्याचे अधिष्ठान मिळाले. सचोटी, प्रामाणिकपणा, वस्तुनिष्ठता आणि निःपक्षपात ही त्या संहितेची चार तत्त्वे होत. आज ह्या पक्षाचे सरकार असो वा उद्या त्या पक्षाचे, अधिकाऱ्याने सारख्याच निष्ठेने काम करावे, असा त्याचा मथितार्थ.

कोरोनाच्या साथीत तेथील सरकारने लोकांवर कडक निर्बंध घातले होते. आप्तेष्टांच्या अखेरच्या क्षणीदेखील कित्येकांना जवळ जाता आले नाही. त्याच काळात खुद्द पंतप्रधानांच्या निवासस्थानी व सरकारी कचेऱ्यांत मेजवान्या झाल्या, असे 2021 च्या अखेरीस उघडकीस आले. पंतप्रधान होते हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन. चौकशीचे काम प्रथम मंत्रिमंडळ सचिव सायमन केस ह्यांजकडे होते; पण अशी एक मेजवानी त्यांच्याच कचेरीत झाल्याचे बाहेर आल्यावर डिसेंबर 2021 मध्ये ते बाजूला झाले. त्यांच्या जागी सू ग्रे नावाच्या ज्येष्ठ सनदी अधिकारी बाई आल्या. सरकारी शिष्टाचार व सचोटी ह्या विषयाच्या त्या जुन्या जाणकार. 2017 साली एका मंत्र्यास पद सोडावे लागले, त्या प्रकरणाची चौकशीही त्यांनीच केली होती.

बाईंची अडचण लक्षात घ्या. ज्यांची चौकशी करावयाची ते त्यांचे सर्वोच्च वरिष्ठ, आणि अहवाल सादर करावयाचा तोही त्यांनाच! तरीही 25 मे 2022 रोजी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात काही झाकून ठेवलेले नव्हते. कोणत्या दिवशी कोण जमले, किती वेळ बसले, मद्यपान किती झाले, ह्याचा तपशील त्यात आहे. पहारेकरी व झाडलोट करणारे नोकर ह्यांना अपमानास्पद वागणूक मिळाली, हेही त्यांनी लिहिले. वरिष्ठच हजर असल्यामुळे आपण वावगे करीत नाही असे कनिष्ठांना वाटले, ही गोष्ट नमूद करून त्यांनी जबाबदारी नेतृत्वावर ठेवली. पोलिसांनी स्वतंत्र तपास करून 83 व्यक्तींना मिळून 126 दंडाच्या नोटिसा दिल्या. त्यांत स्वतः पंतप्रधान आणि तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक हेही होते.

येथवर सर्व रामशास्त्र्यांच्या मार्गाने झाले, असे आपण म्हणू. परंतु पुढे काय घडले? 2 मार्च 2023 रोजी सू ग्रे ह्यांनी राजीनामा दिला, आणि विरोधी मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर ह्यांच्या कचेरीच्या प्रमुख म्हणून त्या जाणार असल्याचे जाहीर झाले. इंग्लंडात एकच गहजब उडाला. जॉन्सन ह्यांचे अनुयायी म्हणू लागले, ‘पाहा, आम्ही सांगतच होतो! ती चौकशी नव्हतीच, तो कट होता.’ ज्यांनी अहवाल वाचलासुद्धा नव्हता, त्यांनाही तो खोटा म्हणण्यास निमित्त मिळाले.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या नव्या नेमणुका तपासणाऱ्या तेथील समितीने सहा महिने थांबण्याची अट घालण्याची शिफारस केली. पदावर असताना त्यांच्या निर्णयात पक्षपात शिरल्याचा पुरावा आपल्यापुढे आलेला नाही, असेही समितीने म्हटले. ह्या नेमणुकीसंबंधीचा पहिला संपर्क ऑक्टोबर 2022 च्या अखेरचा, म्हणजे अहवालानंतर पाच महिन्यांचा होता. मात्र तो संपर्क त्यांनी आपल्या वरिष्ठांना कळविला नव्हता. त्यामुळे आचारसंहितेचा सकृद्दर्शनी भंग झाला, असे सरकारने जुलै 2023 मध्ये जाहीर केले. हे जाहीर करणारे सरकार हुजूर पक्षाचेच होते, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबरात बाई नव्या पदावर रुजू झाल्या. जुलै 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्या पंतप्रधानांच्या कचेरीच्या प्रमुख झाल्या. परंतु 6 ऑक्टोबर 2024 रोजी, अवघ्या तीन महिन्यांत, त्यांनी ते पद सोडले. पुढे 2025 साली त्या वरिष्ठ सभागृहाच्या सभासद झाल्या.

बंधुभगिनींनो, ह्या हकिकतीतून दोन प्रश्न निघतात. ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

पहिला प्रश्न असा की, अहवाल खरा होता की खोटा? ह्याचे उत्तर लेखकाच्या पुढच्या नोकरीवरून मिळत नाही, पुराव्यावरून मिळते. जॉन्सन ह्यांनी सभागृहाची दिशाभूल केली काय, ह्याची चौकशी कनिष्ठ सभागृहाच्या विशेषाधिकार समितीने केली. सात सभासदांपैकी चार हुजूर पक्षाचे होते. ग्रे ह्यांच्या अहवालावर विसंबून न राहता समितीने साक्षी व कागदपत्रे स्वतः तपासली, आणि जॉन्सन ह्यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली असा निष्कर्ष जून 2023 मध्ये दिला. सभागृहाने तो 354 विरुद्ध 7 मतांनी मान्य केला. म्हणजे ग्रे ह्यांचा शब्द बाजूला ठेवूनही तथ्ये जागच्या जागी उभी राहिली.

दुसरा प्रश्न: बाईंचे वर्तन योग्य झाले काय? येथे मला दोन्ही बाजू दिसतात. सनदी अधिकारी काही आजन्म दास नव्हे. सेवा सोडल्यावर तोही नागरिक आहे. राजकीय मते बाळगण्याचा व त्याप्रमाणे काम करण्याचा त्यास हक्क आहे. परंतु चौकशी करणारा अधिकारी आणि इतर अधिकारी ह्यांत एक फरक आहे. इतरांचे काम सेवेबरोबर संपते, चौकशी करणाऱ्याचे संपत नाही. त्याच्या सहीवर लोकांनी विश्वास ठेवलेला असतो आणि ती सही कागदावर कायम राहते. त्याने पुढे काय स्वीकारले, ह्याचा प्रकाश किंवा छाया मागे त्या सहीवर पडते. मन शुद्ध असणे ही निम्मी गोष्ट झाली. ते शुद्ध आहे असे लोकांना दिसणे, ही उरलेली निम्मी.

हा प्रश्न आपल्या देशातही आला आहे. आपल्या राज्यघटनेने भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे पद अत्यंत सुरक्षित केले आहे. सरकारच्या खर्चाचे दोष दाखविणे हेच त्याचे काम. म्हणून 148 व्या अनुच्छेदात अशी तरतूद आहे की, ते पद सोडल्यावर त्या व्यक्तीने केंद्र वा राज्य सरकारच्या अधिकारातील दुसरे कोणतेही पद धारण करू नये. पुढच्या पदाची आशा आणि पुढच्या पदाची भीती, दोन्ही घटनाकारांनी एका वाक्यात तोडून टाकल्या. तरीही फट राहिलीच. बोफोर्स तोफांच्या खरेदीवर ताशेरे ओढणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल 1989 साली संसदेपुढे आला आणि विरोधी पक्षांच्या अनेक खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले. तेव्हा त्या पदावर त्रिलोकीनाथ चतुर्वेदी होते. निवृत्तीनंतर ते भारतीय जनता पक्षातर्फे राज्यसभेवर गेले व 2002 साली कर्नाटकाचे राज्यपाल झाले. ह्यात नियमभंग नाही. खासदारकी ही सरकारी नोकरी नव्हे, आणि राज्यपालपद हे सरकारच्या हाताखालचे पद नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1979 सालीच दिलेला आहे. तोफांचे हिशेबही त्यामुळे बदलत नाहीत. परंतु ज्याला तो अहवाल नकोसा होता, त्याच्या हाती बोलण्यास एक शब्द आला, एवढे खरे.

आता माझी गोष्ट. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत होतो. मुलांच्या आहारासाठी आलेल्या तांदळाविषयी तक्रार झाली आणि साठा मोजण्याचे काम वरिष्ठांनी मजवर सोपविले. मुख्याध्यापक माझे वरिष्ठ. माझ्या मुलाच्या मुंजीत पंक्तीला जेवून गेलेले. रात्रभर झोप आली नाही. सकाळी गावातील दोन पंच बरोबर घेतले, त्यांच्यासमक्ष पोती मोजली. नोंदवहीत तेवीस होती, खोलीत एकोणीस भरली. तसे लिहिले आणि तिघांनी सह्या केल्या. मुख्याध्यापकांची बदली झाली. चार महिन्यांनी त्यांच्या जागेचा प्रभार मला देऊ केला. मी ज्येष्ठ होतो, हक्काचाच होतो. मी तो घेतला.

त्यानंतर एके दिवशी एक बाई शाळेत आल्या. त्यांची दोन मुले आमच्याकडे शिकत. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर मला बसलेले पाहून त्या क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, ‘‘गुरुजी, राग मानू नका. पण पोती खरंच कमी होती का हो?’’

मजजवळ उत्तर होते, पण त्या खुर्चीवरून ते देण्यास जीभ रेटेना. दोन पंचांपैकी एक शेतकरी गृहस्थ योगायोगाने व्हरांड्यात उभे होते. ते म्हणाले, ‘‘ताई, मी स्वतः मोजली. चार कमीच होती.’’ बाईंचे समाधान झाले, पण ते माझ्या शब्दाने झाले नाही. मी खरे लिहिले होते. आणि त्या खऱ्याला माझ्याच खुर्चीने मिंधे केले होते. वरिष्ठांना मी इतकेच कळवावयास हवे होते की, ‘चौकशी मी केली आहे, म्हणून ही जागा तूर्त दुसऱ्या कोणास द्यावी.’ दोन वर्षांचा भत्ता बुडाला असता. त्याहून अधिक काही बुडाले नसते.

म्हणून नोकरीत असलेल्या आपल्या तरुणांना माझे सांगणे एवढेच आहे. चौकशी अशी करा की, तुमचे नाव खोडले तरी ती उभी राहील. पंच, कागद, तारखा आणि सह्या ह्यांत कसूर करू नका. एका बाजूची मेहेरनजर जितकी टाळाल, तितकीच दुसऱ्या बाजूचीही टाळा. कोणाकडून बोलावणे आले, तर ते त्याच दिवशी वरिष्ठांस लेखी कळवा. आणि ज्या चौकशीने कोणाची खुर्ची रिकामी झाली, त्या खुर्चीवर किंवा तिच्या समोरच्या खुर्चीवर निदान काही काळ बसू नका. हा काळ किती असावा, हे अधिकाऱ्याच्या मनावर न सोडता नियमानेच ठरविलेले बरे. कारण मन नेहमी आपल्या सोयीचे गणित मांडते. उलट, चौकशी करणारा प्रामाणिक मनुष्य उघड्यावर पडू नये, त्याची बदली व बढती ज्याची चौकशी केली त्याच्या हाती राहू नये, हे पाहणे समाजाचे व शासनाचे कर्तव्य आहे. नुसत्या त्यागाच्या अपेक्षेवर रामशास्त्री निर्माण होत नाहीत.

हे तत्त्व घरापासून सुरू व्हावे, म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवितो. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीचे हिशेब तपासण्यासाठी सर्वसाधारण सभा ज्यांना नेमते, त्यांनी पुढील दोन वर्षे कार्यकारी मंडळाची निवडणूक लढवू नये, असा नियम आपण करावा. निधी लहान आहे, परंतु त्यात विधवा भगिनींनी पदराच्या गाठीतून सोडलेले पैसे आहेत. ते बरोबर आहेत, असे जो सांगेल, त्याच्याकडे पाहून ‘खरंच का हो?’ असे विचारण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये.