ताराबाईंची वळणाची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ओळख करून देण्यासाठी चिटणीसबाईंनी माझा व्यवसाय विचारला, तेव्हा काय सांगावे हे मला सुचेना. यजमानांच्या बदल्या होत गेल्या तशा मी कुठे शिकवण्या केल्या, कुठे शिवणाचा वर्ग चालवला, काही वर्षे एका पतपेढीचे हिशेब लिहिले. आमच्या माहेरी याला 'धरसोड' म्हणतात! आपल्यापैकी बऱ्याच जणींची हकिगत अशीच असेल. म्हणून आज कै. ताराबाई मोडक यांच्याविषयी बोलायचे ठरवले.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीस गेल्या. तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी. राजकोटला अध्यापिका तयार करणाऱ्या कॉलेजात प्राचार्यपद मिळाले. केवढी मानाची जागा! ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. लोक काय म्हणाले असतील, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. पुढे १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले, शिक्षिका तयार केल्या. इथेच स्थिरावल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती.

पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूकडच्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली तेथून कोसबाडच्या टेकडीवर. सोबतीला अनुताई वाघ होत्या. माँटेसरीबाईंची महागडी साधने त्या गरीब वस्त्यांत कुठून आणणार? मग शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी, १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने ते नाव देशभर नेले. गुरांमागे जाणाऱ्या वारली मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली!

हे सारे त्यांनी आधीच योजले होते, असे कोणी सांगितले तर मला पटणार नाही. राजकोट सोडताना त्यांना कोसबाड कुठून दिसणार? मात्र भावनगरला बालमंदिरात वर्षे काढली होती, म्हणून साधन बदलले तरी त्यातले शिक्षण हरवले नाही. मोडलेल्या संसाराचे दुःख मात्र दुःखच. तेही उपयोगी पडले असे म्हणणे मला निष्ठुरपणाचे वाटते.

आता आपल्या कामाचे. बाजारामागच्या वस्तीतल्या बाया सकाळी धुण्याभांड्याला जातात आणि त्यांची मुले नळापाशी हिंडत असतात. मंडळाची खोली सकाळी रिकामीच असते. येत्या सोमवारपासून तिथे दोन तास बालवाडी भरवावी, असे मी कार्यकारिणीपुढे मांडले आहे. हिशेब मी लिहीन. शिवणातल्या चिंध्यांचे चेंडू करून ठेवले आहेत, चिंचोकेही डबाभर आहेत. गाणी म्हणणाऱ्या दोघी जणी तेवढ्या हव्या आहेत. चहाच्या वेळी मला भेटावे.