जुन्या संगणकावर एचडी संकलन

घरच्या लग्नाचं एचडी चित्रीकरण जुन्या डेस्कटॉपवर संकलित करताना चित्र अडखळतं? लगेच नवा संगणक घेऊ नका. आधी टास्क मॅनेजर उघडून कोणता भाग १०० टक्क्यांवर अडकलाय, ते पाहा. डिस्क अडकली असेल, तर एसएसडी बसवा. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५००च्या आसपास. रॅम कमी पडत असेल, तर १६ जीबी करा. पण मदरबोर्ड डीडीआर३चा की डीडीआर४चा, हे तपासूनच. दोन्ही प्रकारच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते. बिनखर्चाचा उपाय म्हणजे प्रॉक्सी, मूळ चित्रणाची हलकी प्रत. कापाकापी तिच्यावर करा. अंतिम फाइल मूळ चित्रणातूनच तयार होते. जुनं यंत्र नीट सांभाळलं, तर अजून बरीच साथ देतं.