घंटेआधीची दोन मिनिटं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल," असं संयोजकांनी सांगितलंय. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी ३१ वर्षं ईईजी काढायचं काम केलं. माझे दहावीचे गुण ज्यांना आठवतात, त्यांनी हसून घ्यावं.

मेंदूतल्या असंख्य पेशी एका तालात चालल्या की डोक्याच्या त्वचेवर अगदी क्षीण वीज मोजता येते. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख घेतला. डोळे मिटून शांत बसलात, की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लाटा उमटतात. त्यांना अल्फा म्हणतात. डोळे उघडले की त्या दबतात.

माझ्याकडे ऑटिझम असलेली मुलंही यायची, बहुतेक वेळा फिट येतात म्हणून. या मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. आई हळूच विचारायची, "दादा, आलेखात ऑटिझम दिसला का हो?" मी सांगायचो, तो तिथे दिसत नाही. निदान डॉक्टर करतात, तेही मुलाचं वागणं आणि लहानपणापासूनची वाढ पाहून.

२००१ मध्ये केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी मोठ्यांसाठी ५० प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. इतरांना न जाणवणारे बारीक आवाज जाणवतात का, आकडे लक्षात राहतात का, गप्पांत कधी बोलायचं हे कळतं का, अशा धर्तीचे प्रश्न. ऑटिझम असलेल्यांची सरासरी ३५.८ आली, इतरांची १६.४. म्हणजे इतरांचीही शून्य नाही! विद्यार्थ्यांमध्ये गणितवाल्यांचे गुण जास्त निघाले. सर, क्षमा असावी.

पुढे संशोधकांनी सर्वसामान्य माणसांचे हे गुण आणि मेंदूच्या लाटा शेजारी ठेवून पाहिल्या. काही ठिकाणी संबंध दिसला, काही ठिकाणी नाही. जो दिसला तो गटाच्या सरासरीत. एका माणसाचा आलेख हातात घेऊन 'हा आपल्यातला, तो वेगळा' अशी रेघ ओढता येत नाही. मात्र म्हणून 'आपण सगळेच थोडे तसे' म्हणून मोकळंही होऊ नये. ज्याचं रोजचं जगणं अडतं, त्याला मदत लागतेच.

आता खरं बोलायचं ते बोलतो. आपल्या वर्गात एक मुलगा होता. स्वारगेटहून कुठली पीएमटी किती वाजता सुटते, हे त्याला तोंडपाठ. घंटा झाली की तो दोन्ही कान दाबून खाली बसायचा. त्याची गंमत बघायला मी मुद्दाम त्याच्या कानाशी कंपासपेटी आपटायचो. तुमच्यातले काही हसायचे. त्याला काय होतं, हे मला माहीत नाही आणि इतक्या वर्षांनी ते ठरवायचा मला अधिकारही नाही. पण त्याला त्रास होतो, हे तेव्हाही मला दिसत होतं. त्यासाठी मशीन लागत नव्हतं.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्ही त्याला रोज घंटेच्या दोन मिनिटं आधी फळा पुसायचं फडकं धुवायला बाहेर पाठवायचात. आम्हाला वाटायचं, लाडका आहे. त्या नळापाशी घंटेचा आवाज कमी यायचा, हे मला रुग्णालयातल्या एका मुलाला कान दाबताना पाहिल्यावर उमगलं. १९७९ मध्ये आपल्यापैकी कुणी 'ऑटिझम' हा शब्दही ऐकला नव्हता. तुम्हाला त्याची गरज पडली नाही.

तो आज आलेला नाही. आपल्या ग्रुपवर त्याचा नंबर कुणाकडे नाही, आणि इतक्या वर्षांत कुणी शोधलाही नाही. मी शोधणार आहे. सापडला, तर आधी माफी मागेन. पुढच्या मेळाव्याला त्याला यावंसं वाटलं, तर एवढंच करू: ढोल-ताशा नको, आणि हा माइक जरा हळू ठेवू.